शॉस्कोप, खंड पहिला : आता दोन्ही लढवय्ये पडद्यावर

कुंग फूचा जुना सिनेमा लागला की मी आधी पाय बघते. मारामारी हातांची वाटत असली तरी डाव ठरतो पायांत. टाच टेकली आहे की नाही, वजन कुठल्या पायावर आहे, गुडघा किती वाकवलाय, एवढं दिसलं की पुढचा हात कुठून येणार याचा अंदाज लागतो. मी सदाशिव पेठेत मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवते. संध्याकाळभर पायांच्या पकडीवर नजर असते, ती सिनेमा बघतानाही सुटत नाही. ‘अ‍ॅरो व्हिडिओ’ या ब्रिटिश कंपनीचा ‘शॉस्कोप, खंड पहिला’ हा ब्लू-रे संच घेतला तो या सिनेमांच्या जुन्या प्रेमापोटी. आता येईल त्याला तो आग्रहाने दाखवते, कारण यात पाय दिसतात.

शॉ ब्रदर्स ही हाँगकाँगची कंपनी. त्यांचे हे सिनेमे रुंद पडद्यासाठी, साधारण २.३५ : १ या प्रमाणात चित्रित झालेले. शॉस्कोप हे त्या पद्धतीला त्यांनी दिलेलं नाव. घरातला टीव्ही मात्र ४ : ३. कॅसेटवर उतरवताना चित्राच्या कडा छाटल्या जायच्या. आम्ही शाळेत होतो तेव्हा दादा सुट्टीत व्हीसीआर आणि कॅसेटी भाड्याने आणायचा. वाड्यातली सगळी पोरं आमच्या बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसायची आणि पडद्यावर भाला फिरवणारा एकटाच दिसायचा. ज्याच्यावर भाला चाललाय तो चौकटीबाहेर. उरलेल्याचे पाय रेघांत आणि काळोखात हरवलेले. तरी आम्ही जागचे हलत नव्हतो. पण लढत म्हणजे दोघांतला सवाल-जवाब असतो, आणि त्यातला निम्मा आम्हाला कधी मिळालाच नव्हता. या संचात तो मिळाला.

२०२१ साली आलेल्या या संचात १९७२ ते १९७९ या काळातले १२ चित्रपट आहेत. सिनेमांच्या ८ तबकड्या, संगीताच्या २ सीडी आणि ६० पानांचं सचित्र पुस्तक, सगळं एका जाड पेटीत. १२ पैकी ७ चित्रपटांचं अ‍ॅरोने नव्याने २के (२के हे चित्राच्या बारकाईचं माप) पुनरुज्जीवन केलंय, बाकीचे आधी तयार असलेल्या मूळ डिजिटल प्रतींवरून घेतलेत. हा फरक डोळ्यांना जाणवतो. नव्यांत रेशमी कापडाची वीण दिसते, जुने थोडे गुळगुळीत वाटतात. पण कडा कुठेच छाटलेल्या नाहीत.

आता ज्यासाठी हा संच घ्यावा त्या माणसाबद्दल. लाउ कार-लेउंग. आधी चांग चेह या दिग्दर्शकाकडे तो मारामारी बसवायचा, १९७५ पासून स्वतः दिग्दर्शन करू लागला. त्याने हुंग गार ही कुंग फूची पद्धत वडिलांकडे शिकली. वडील लाउ चाम हे लाम साई-विंगचे शिष्य, आणि लाम साई-विंग हा वाँग फेई-हुंगचा. वाँग फेई-हुंग म्हणजे दक्षिण चीनमधला खराखुरा वैद्य आणि वस्ताद. ‘चॅलेंज ऑफ द मास्टर्स’ (१९७६) हा लाउचा सिनेमा याच वाँगच्या तरुणपणावर आहे. म्हणजे वडिलांच्या गुरूच्या गुरूवर काढलेला. आणि त्यात वाँगचं काम करणारा गॉर्डन लिऊ हाही लाउ चामच्याच हाताखाली तयार झालेला. आमच्याकडे मल्लखांबाचे आद्य गुरू बाळंभटदादा देवधर यांचं नाव घेताना शिकवणाऱ्याचा हात आपसूक कानाच्या पाळीला जातो. या सिनेमात तोच भाव मला प्रत्येक पवित्र्यात दिसतो. गुरूने जसा बसवला तसाच तो धरलाय, कुठेही सैल सोडलेला नाही.

म्हणून तर लाउचा कॅमेरा मागे उभा राहतो. डोक्यापासून पावलापर्यंत पूर्ण माणूस चौकटीत, दोघंही, आणि चार-सहा, कधी दहा-बारा हालचाली न कापता सलग. हल्लीच्या मारामाऱ्यांत एका ठोशाला तीन तुकडे पडतात. ठोसा कुणी मारला आणि तो कुणाला बसला, लढता येणाऱ्याला की न येणाऱ्याला, काही कळत नाही. लाउला लपवायचं काही नव्हतं. ज्याला येतं त्याला तो समोर उभा करतो आणि बघू देतो.

यातला माझा सगळ्यात आवडता प्रसंग ‘डर्टी हो’ (१९७९) मधला. गॉर्डन लिऊ राजपुत्र आहे, पण जवाहिरांचा व्यापारी म्हणून वेश पालटून राहतोय. त्याला मद्य चाखायला बोलावतात, मारण्यासाठी. आणि मारामारी सुरू होते ती आदरातिथ्याच्या आडून. यजमान अदबीने चषक पुढे करतो, त्या हाताच्या आडून वार येतो. राजपुत्र चषक घेता घेता मनगट असं वळवतो की वार बाजूला जातो आणि थेंबही सांडत नाही. वर मद्याच्या वासाची, चवीची तारीफ चाललेली, खाली पाय पायाला अडवतोय. आवाज कुणी चढवत नाही, चेहऱ्यावरचं हसू कुणी ढळू देत नाही. मी हा प्रसंग थांबवून, मागे नेऊन, पुन्हा हळू लावून बघते. दोघांनी एकमेकांचा श्वास ओळखल्याशिवाय असं काही बसत नाही. माझ्या मुली जोडीने दोरीवर चढतात तेव्हा मला त्यांच्यात हेच हवं असतं.

मुलींना मी निवडक तुकडे दाखवते, पूर्ण सिनेमे नाही, कारण काहींत रक्त फार आहे. एकदा गॉर्डन लिऊचा भाल्याचा डाव लावला होता. सहावीतली एक मुलगी, जी वर्गात तोंडातून शब्द काढत नाही, ती म्हणाली, ‘‘ताई, परत लावा ना. तो मारायच्या आधी मागचा पाय फिरवतो.’’ परत लावला. खरंच फिरवतो, टाचेवर, अगदी थोडा. माझ्याही नजरेतून ते सुटलं होतं.

तो तुकडा ‘हिरोज ऑफ द ईस्ट’ (१९७८) मधला. या सिनेमाची कथा मला फार जवळची वाटते. चिनी तरुणाचं लग्न जपानी मुलीशी होतं. दोघंही लढण्यात तरबेज, आणि कुणाची विद्या मोठी यावरून घरात रोज वाजतं. ती रागावून माहेरी जाते, आणि पुढे जपानहून ७ वस्ताद त्याच्याशी लढायला येतात. तलवारीला तलवार, भाल्याला भाला, कराटेला मद्यप्याची शैली, ननचाकूला तीन दांड्यांची काठी. प्रत्येक लढतीची चाल वेगळी, जागा वेगळी. आणि अख्ख्या सिनेमात एकही माणूस मरत नाही. प्रत्येक लढतीत समोरच्याचं हत्यार काय करू शकतं हे दिग्दर्शक आधी नीट दाखवतो, त्याला पूर्ण मान देतो, मग त्याचं उत्तर शोधतो. सासूबाईंना इंग्रजी उपशीर्षकं वाचता येत नाहीत, तरी त्या शेवटपर्यंत बसल्या. मध्येच म्हणाल्या, ‘‘अगं, बायकोला विचारलं असतं तर एवढं रामायण झालंच नसतं.’’ गोष्ट त्यांना चोख कळली होती.

‘एक्झिक्युशनर्स फ्रॉम शाओलिन’ (१९७७) मध्ये नवराबायकोचा आणखी एक प्रसंग आहे. चेन कुआन-ताई वाघाच्या शैलीचा, लिली ली सारसाच्या शैलीची. लग्नाच्या रात्री ती पाय जुळवून पवित्रा धरते आणि म्हणते, सोडवून दाखव. एवढा मोठा योद्धा, पण त्याच्या सगळ्या ताकदीने ते पाय सुटत नाहीत. आमच्या दोरीवर सगळा भार अंगठ्याच्या खाचेवर आणि मांडीच्या पकडीवर असतो, त्यामुळे तिच्या मांडीतलं बळ मला खरं वाटतं. पुढे तो पाई मेई या पांढऱ्या भुवयांच्या खलनायकाला हरवण्यासाठी वर्षानुवर्षं तयारी करतो. पितळी पुतळ्याच्या अंगावरच्या खाचांतून गोळ्या घरंगळत जातात आणि त्या कुठून कुठे जातात ते बघत तो नेमके वार घोटवतो. पण विजय शेवटी मुलाच्या हातून होतो, ज्याच्यात बापाचा वाघ आणि आईचा सारस दोन्ही उतरलेत. आईची विद्या वगळून केलेली तयारी अपुरी पडते, हे १९७७ सालचा मारधाडपट सांगतोय. मला हा संचातला सगळ्यात शहाणा सिनेमा वाटतो.

तालीम हाच या सिनेमांचा प्राण आहे. नायक पहिल्या लढतीत मार खातो, मग शिकतो, आणि शिकण्याला सिनेमा भरपूर वेळ देतो. पाणी वाहा, दगड उचला, तासन्‌तास एकाच बैठकीत राहा. साध्या अढीला आणि तेढीला, म्हणजे मल्लखांबाच्या सुरुवातीच्या प्रकारांना, कंटाळलेल्या मुलींना मला रोज तेच सांगावं लागतं, पण पडद्यावर बघितलं की त्यांना ते पटकन पटतं.

पुणेकर म्हणून मला या सिनेमांकडे बघताना प्रभातची फार आठवण होते. १९६१ साली शॉ बंधूंनी क्लिअरवॉटर बे इथे आपला स्टुडिओ उघडला. नट, लढवय्ये, शिंपी, सुतार सगळे करारावर, कित्येकांची राहण्याची सोयही आतच. रस्ते, वाडे, चहाची घरं कायमची उभारलेली, तीच पुन्हा पुन्हा वापरायची. १९३३ साली पुण्यात आलेल्या प्रभातचंही असंच एका छताखालचं, पगारी माणसांचं जग होतं, त्याच आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. रोज तीच माणसं एकत्र काम करत असली की हातात जी सफाई येते ती दोन्हीकडे दिसते. पण २००३ साली पुण्यात जुन्या, सहज पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्या, तेव्हापासून जुनी फिल्म नीट जपलेली दिसली की मला वेगळाच आनंद होतो. शॉचे ७००हून अधिक चित्रपट २००० च्या सुमारास सेलेस्टियल पिक्चर्सने विकत घेऊन नीट केले, म्हणून ही पेटी आज माझ्या कपाटात आहे.

चांग चेहच्या सिनेमांवर माझा तेवढा जीव नाही. त्याच्याकडे मरण फार, शर्ट फाटलेले पुरुष फार, आणि बायका जवळपास नाहीतच. ‘बॉक्सर फ्रॉम शांटुंग’ (१९७२) मध्ये पोटात कुऱ्हाड रुतलेली असताना नायक लढत राहतो. तो शेवट ज्याने त्याने आपल्या हिमतीवर बघावा. पण ‘फाइव्ह व्हेनम्स’ (१९७८) चुकवू नका. गोम, साप, विंचू, पाल आणि बेडूक अशा ५ शैलींचे ५ शिष्य, मुखवट्यांमुळे कोण कुठला ते कळत नाही, आणि गोष्ट चक्क रहस्यकथेसारखी उलगडते. पालीच्या शैलीचा फिलिप क्वॉक भिंतीवर चढतो तेव्हा माझ्या वर्गात एकच आरडाओरडा होतो. ‘क्रिपल्ड अ‍ॅव्हेंजर्स’ मधली लोखंडी कड्यांची कसरत तर कुठल्याही मल्लखांबपटूने बघावी अशी आहे. आतून बाहेरून अंग कसं काढावं हे त्यात शिकण्यासारखं आहे.

‘किंग बॉक्सर’ने (१९७२) अमेरिकेत या सिनेमांची लाट आणली. लो लिएचे तळवे लाल चमकतात तो क्षण अजून अंगावर येतो. ‘चायनाटाउन किड’च्या दोन आवृत्त्या दिल्यात. त्यातला अलेक्झांडर फू शेंग १९८३ साली मोटार अपघातात गेला, २८ व्या वर्षी. त्याचा चेहरा एवढा हसरा की बघताना जीव हळहळतो. ‘मायटी पेकिंग मॅन’ (१९७७) मध्ये कुंग फू नाहीच. महाकाय वानराचा सिनेमा आहे, काही चित्रण म्हैसूरला झालंय. हत्ती आणि गर्दी ओळखीची वाटते, पण मी पुन्हा लावणार नाही.

आता व्यवहाराचं. किंमत थोडीथोडकी नाही. परदेशातून मागवाल तर टपाल आणि सीमाशुल्क वेगळं धरा. ब्लू-रे तबकड्या बहुधा जगाच्या ठराविक विभागातल्या प्लेअरवरच चालतात. भारत सी विभागात मोडतो आणि हा संच ब्रिटन-अमेरिकेच्या बाजारासाठी काढलेला आहे, तेव्हा सगळे विभाग चालवणारा प्लेअर आधी मिळवा, मग पेटी मागवा. संवाद मँडरीनमध्ये, काहींना इंग्रजी डबिंग, उपशीर्षकं इंग्रजीत. हिंदी नाही. त्या काळी आवाज नंतर भरत, त्यामुळे ओठ आणि शब्द जुळत नाहीत. पहिल्या दहा मिनिटांत डोळ्यांना त्याची सवय होते. कॅमेरा अचानक झूम करून चेहऱ्यावर आदळतो त्याचीही. आणि शेवट फार तडकाफडकी असतात. खलनायक पडला की ‘समाप्त’. निरोप घ्यायलाही वेळ देत नाहीत. मला ते आवडतं.

सुरुवात ‘हिरोज ऑफ द ईस्ट’ने करा, घरातल्या सगळ्यांना बसवून. मग ‘डर्टी हो’. आणि सगळे ज्याच्याबद्दल विचारतात तो शाओलिनच्या ३६ दालनांचा सिनेमा, गॉर्डन लिऊचं मुंडण केलेलं डोकं असलेला, तो या पेटीत नाही. तो २०२२ साली आलेल्या दुसऱ्या खंडात आहे, त्याच्या पुढच्या दोन भागांसकट. फक्त त्याच्यासाठी घेणार असाल तर दुसरा खंड मागवा.