रेंज ट्रेकचे बूट: सात महिने, आठ जोड, एक सुटलेला सोल

अख्खा पावसाळा आणि त्यानंतर डिसेंबरातला राजगड–तोरणा–रायगड हा तीन दिवसांचा रेंज ट्रेक, गटातल्या आठही जणांच्या पायात एकाच मॉडेलचे बूट होते. उंची घोट्यापर्यंत, आत वॉटरप्रूफ मेंब्रेन (पाणी अडवणारा पातळ पडदा) नाही, मिडसोल म्हणजे तळव्याचा मधला थर ईव्हीए फोमचा, खाली ४ मिमी खोल खाचांचं रबर. आठ नंबरचा एक बूट साधारण ४८० ग्रॅमचा. दुकानात मॉडेलची नावं सारखी बदलतात, तेव्हा नाव विचारू नका, ही लक्षणं बघा.

मेंब्रेन नाही म्हणून काहींनी आधी नाकं मुरडली. पण सह्याद्रीच्या पावसात पाणी पायावरून ओघळत वरूनच बुटात उतरतं, आणि ओढा गुडघाभर असला तर विषयच संपला. मेंब्रेनच्या बुटात ते तसंच साचतं. इथे चालता चालता जाळीतून निघून जातं. त्याचं उट्टं हिवाळ्यात निघतं, कारण त्याच जाळीतून कुसळं घुसतात. दिवाळीनंतर गेटर, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत चढवायची आवरणं, हवेतच. एकजण कुसळं वेचायला बसला की सगळे बसतात.

पकड कोरड्या कातळावर उत्तम. लाल चिखलात खाचा भरतात, पण त्या दूर दूर असल्यानं दोनदा पाय आपटला की मोकळ्या होतात. वाळक्या गवतातल्या आडव्या वाटेवर मात्र बूट सटकतात. तिथे पावलाची डोंगराकडची कड रोवून चालायचं. शेवाळलेल्या कातळावर कुठलंच रबर धरत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

खरा कस लागतो वाटेतल्या मोहरी गावाहून बोराट्याची नाळ, म्हणजे डोंगरातली उभी अरुंद घळ, उतरताना. सुटे धोंडे, खाली घसारा, खांद्यावर ओझं. चढावर सोयीचा वाटणारा ढिला बूट इथे पाऊल पुढे सरकू देतो आणि अंगठ्याचं नख काळंनिळं होतं. म्हणून माप संध्याकाळी, जाड मोजे घालून घ्या: नाडी सोडून पाऊल पुढे रेटलं की टाचेमागे एक बोट जायला हवं. नाळेच्या तोंडाशी सगळ्या गटाला पाच मिनिटं थांबवून नाड्या नव्यानं बांधायच्या. घोट्यापाशी दुहेरी पीळ, मग वरचे दोन हूक घट्ट.

आता तक्रार. पाचव्या महिन्यात एका जोडाचा सोल चवड्याकडून सुटला. तो जोड चुलीशेजारी वाळवला जायचा, आणि उष्णतेनं चिकटवण मऊ पडते. इनसोल बाहेर काढून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, ते दोनदा बदलत सावलीतच वाळवा. त्यानंतर आठही जोडांना मोच्याकडून सोलच्या कडेनं नायलॉनची शिवण मारून घेतली. रेंज ट्रेकला एकही सुटला नाही. भोकांतून पाणी शिरतं, पण मेंब्रेनच नसल्यावर त्याचं काय!

वाटेतल्या दुरुस्तीला फेविक्विक नको. ते कडक होतं आणि पाऊल वाकलं की तडकतं. ३ मिमी जाडीची २ मीटर दोरी आणि सहा झिप टाय पुरतात. चवड्याखालून वेढे देऊन दोरी घोट्यामागे बांधायची. कातळावर ती घासून तुटते, म्हणून अधूनमधून बघत राहायचं. आठ जणांत असा एक संच बास, फक्त तो सगळ्यात मागे चालणाऱ्याच्या सॅकमध्ये ठेवा. पुढच्याकडे असला तर तो नाळ उतरून गेलेला असतो.

सात महिन्यांत टाचेच्या बाहेरच्या कडेच्या खाचा निम्म्या झिजल्यात. पुढचा पावसाळा यांच्यावर काढणार नाही; एक दिवसाच्या सोप्या वाटांना मात्र ठेवले आहेत.