क्यूबिझमची ओळख: रेखाटन की कातरकाम?

क्यूबिझम म्हणजे एकाच चित्रात एका गोष्टीचे अनेक कोन एकत्र दाखवणं. इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे बडोद्यात शिकवत, क्यूबिझमचे प्रयोगही करत. तेव्हा आपल्याकडच्या चित्रकलेच्या वर्गात हा विषय परका नाही. प्रश्न इतकाच, मुलांना तो आधी रेखाटनातून शिकवावा की फोटो कापून?

रेखाटनात ए-3 कागदावर 2बी पेन्सिलने आधी समोरचा चेहरा काढायचा. मग मॉडेलला 90 अंशांत वळवून त्याच रेघांवर बाजूचा. डोळे आणि हनुवटीची पातळी दोन्हींत एकच ठेवा, नाहीतर दोन वेगळी माणसं दिसतात. रेघा छेदून झालेला प्रत्येक तुकडा एका कडेला गडद, दुसरीकडे फिका करा. संपूर्ण चेहऱ्याला एकच गोलाई दिली, की नेहमीचं व्यक्तिचित्र परत येतं!

फोटो कापून चिकटवणं सोपं, लहानांना आवडतंही. पण एकाच फोटोचे तुकडे हलवून दुसरा कोन मिळत नाही. निदान समोरचा आणि बाजूचा, असे दोन फोटो हवेत. क्यूबिझम सुरू करणाऱ्या पिकासो-ब्राकची कागद चिकटवलेली चित्रंही 1912 ची, त्यांच्या क्यूबिस्ट रेखाटनांनंतरची. आठवीपासून पुढे रेखाटनच आधी घ्यावं.