होडीसाठी सोलापूरचा लाकूडबाजार: बाभूळ बिनधास्त घ्या, ‘मरीन’ प्लाय तपासून

सोलापूरच्या वखारी दारांच्या चौकटींवर चालतात. सात फुटांची उभी बाजू, साडेतीन फुटांची आडवी, जाडी अडीच किंवा तीन इंच. ‘होडीला लाकूड पाहिजे’ म्हटलं तरी समोर येतो तो याच मापाचा माल. दोष मालात नसतो, निवडीत असतो. हिप्परगा तलावात किंवा उजनीच्या फुगवट्यावर दोघं-तिघं बसतील अशी १२ फूट लांब, ४ फूट रुंद, सपाट तळाची होडी डोळ्यांसमोर ठेवून हा बाजार कसा आहे ते सांगतो.

आधी हिशेब. तळाला ९ मिमी प्लायचे २ ताव, बाजूंना ६ मिमीचे २. सांगाड्याचं लाकूड, म्हणजे काठपट्ट्या, तळकोपऱ्याच्या पट्ट्या, आडवे आधार, बैठका आणि खालचा कणा मिळून, तयार मापात दोनएक घनफूट भरतं. विकत घेताना ३ घनफूट धरा. गाठी, वाक आणि रंध्याचा भुसा यांतच तिसरा हिस्सा जातो.

सगळ्यात चांगली खरेदी आहे गावरान बाभळीची, आणि ती लाकडाच्या मोठ्या वखारीत शोधायचीच नाही. जळणाच्या वखारीत जायचं. होडीच्या कोपऱ्यांत जे आधार लागतात ते सरळ फळीतून कापले तर लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, मध्येच तुटते, आणि पहिल्या जोराच्या धक्क्याला तुकडा त्याच आखूड रेषेवर फुटतो. बाभळीचं बेचकं, म्हणजे फांदी फुटते तिथला बाक, रेषेसकट वळलेलं असतं. ज्या वाकड्या तुकड्यांना चौकटवाला हात लावत नाही तेच आपल्या कामाचे. घरून पुठ्ठ्याचा साचा कापून न्या आणि ढिगावर ठेवून ठेवून जुळवा. वेडी बाभूळ मात्र टाळा. तिचे तुकडे बारीक आणि पिळलेले असतात, ती चुलीसाठीच बरी.

बाभूळ जड असते, घनफुटाला २२-२३ किलो. सागाचं घनफूट १८-१९ किलोच्या आसपास भरतं. म्हणून ती सांगाड्याला आणि कोपऱ्यांना वापरायची, बैठकांना नाही. ओली असतानाच चिरून घ्या. वाळल्यावर करवतीचे दात जातात आणि सॉ मिलवाला कुरकुरतो. बाहेरचं फिकट लाकूड सगळं तासून टाका, कारण भुंगा पहिल्यांदा तिथे लागतो. ओंडके काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीतही याच भुंग्यासाठी आहे. स्क्रूला आधी गिरमिटानं भोक पाडायलाच हवं, नाहीतर स्क्रू तरी तुटेल नाहीतर लाकूड तरी फाटेल. बाभळीला पाचपैकी साडेचार गुण. अर्धा गुण कापला तो टोकाच्या भेगांसाठी.

या भेगा हा इथल्या हवेचा प्रश्न आहे आणि सोलापुरात लाकूड घेणाऱ्याला तो चुकत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठक्क होते. तेव्हा पत्र्याच्या शेडखाली पडलेल्या फळीतली ओल सात-आठ टक्क्यांवर येते. चौकटीला हे उत्तम. होडीला मात्र घातक, तीही फळ्या जोडून बांधायची असेल तर जास्तच. सागाची उभी न चिरलेली, रुंद नक्षीची ६ इंची फळी ८ टक्क्यांवर घट्ट बसवली आणि पाण्यात ती २० टक्क्यांवर गेली, तर रुंदीत साडेतीन मिमीच्या आसपास फुगते. अशा आठ फळ्या शेजारी असल्या की इंचभर वाढ होते. ती जाणार कुठे? खिळे उचकटतात, नाहीतर बरगडीच फुटते. फळी-होडीला लाकूड १२ ते १५ टक्के ओलीचं हवं आणि रेषा उभ्या असलेली हवी. उभ्या रेषेची फळी निम्म्याहून कमी फुगते. फळीच्या टोकाकडून पाहा: वर्षवलयं फळीच्या रुंदीला काटकोनात उभी दिसली तर घ्या, हसल्यासारखी कमानदार दिसली तर बाजूला ठेवा.

ओल मोजायला मीटर नसला तरी अडत नाही. टोकापासून फूटभर आतला एक छोटा तुकडा कापा आणि सराफी काट्यावर तोला. मग १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन थांबेपर्यंत वाळवा. समजा ४६ ग्रॅमचा तुकडा ४० ग्रॅम झाला, तर ६ भागिले ४०, म्हणजे १५ टक्के ओल. अगदी टोकाचा तुकडा घेऊ नका, तो नेहमी आतल्यापेक्षा कोरडा निघतो आणि आकडा फसवतो.

चिरून घ्यायचं असेल तर पाऊस सरता-सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घ्या. त्या हवेत लाकूड सावकाश वाळतं. मार्चनंतर चिरलेल्या ओल्या फळीची टोकं काही दिवसांत उलतात. त्याच दिवशी दोन्ही टोकांना जाड ऑइलपेंट किंवा मेण फासा. सावलीत थप्पी लावा, दर दोन फुटांवर इंचभर जाडीच्या पट्ट्या घाला आणि वर वजन ठेवा. पट्ट्या एकावर एक सरळ ओळीत हव्यात. इकडेतिकडे सरकल्या की फळ्यांना तसाच नागमोडी वाक बसतो.

साग घ्यायचा तर पाडलेल्या वाड्यांचा जुना साग नव्यापेक्षा सरस. रेषा दाट, वाळणं कधीच पुरं झालेलं, पीळ नाही. तुळईचं भिंतीत गाडलेलं टोक मात्र बहुतेक वेळा सडलेलं किंवा वाळवीनं पोखरलेलं असतं. दोन्हीकडून फूट-दीड फूट धरूच नका, आणि भाव करतानाच ते मापातून वजा करायला लावा. चुंबक फिरवून खिळे काढल्याशिवाय सॉ मिलमध्ये नेऊ नका. करवतीचा पट्टा तुटला तर भरपाई तुमच्याकडून घेतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. चुन्याचा थर आधी खरवडा, नाहीतर रंध्याचं पातं एका फेरीत बोथट. डिंक लावण्याआधी सांध्याची जागा ॲसिटोननं पुसा आणि अर्ध्या तासात इपॉक्सी लावा. सागाचं तेल पुन्हा वर आलं की सांधा धरत नाही.

नव्या मालात लांबी हीच अडचण. १२ फुटी होडीची काठपट्टी बाकामुळे १३ फूट लागते आणि वखारीत सात-आठ फुटांच्या पुढे पर्याय कमी होत जातात. तिरका सांधा हाच उपाय: जाडीच्या बारा पट लांब, म्हणजे पाऊण इंची पट्टीला ९ इंच. दोन्ही काठांचे सांधे समोरासमोर येऊ देऊ नका. मेरांटी (आग्नेय आशियातून येणारं लाकूड) काठपट्टीला चालते, गडद तांबडी आणि वजनदार बघून घ्या. ‘मलेशियन साल’ हे व्यापारी नाव आहे, ते आपल्या साल वृक्षाचं लाकूड नव्हे. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन स्वस्त दिसतं, पण पाण्यात लवकर कुजतं. निलगिरी वाळताना इतकी पिळवटते की विचारच नको. आंबा बैठकीला ठीक, तळाला नाही.

आता प्लाय. फसगत होते ती इथे. दुकानात ‘मरीन’, ‘वॉटरप्रूफ’, ‘७१० ग्रेड’ हे तिन्ही शब्द एकाच तावाला सर्रास लावले जातात. शब्दांना किंमत नाही. तावावर आयएसआय चिन्ह, त्याच्यासोबत ‘आयएस ७१०’ (मरीन प्लायचं भारतीय मानक) आणि सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला हवा. तो क्रमांक दुकानात उभं राहूनच भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाका. मग वजन बघा: ६ मिमीचा ८ बाय ४ फुटी ताव १२ किलोच्या आसपास भरायला हवा, ९ मिमीचा १८च्या. बराच हलका निघाला तर आतले थर मऊ लाकडाचे तरी आहेत किंवा पोकळ तरी. कडेनं थर मोजा. ६ मिमीत पाच थर असलेला ताव घ्या. तीन थरांचा ताव बाकावर एका दिशेनं सहज वळतो आणि दुसऱ्या दिशेनं तडकतो. नाण्यानं पूर्ण तावावर टकटक करा, जिथे आवाज बदलतो तिथे आत फट आहे. फर्निचरमध्ये ती फट जन्मभर दिसत नाही, होडीत मात्र तिथेच पाणी साठतं आणि ताव आतून कुजतो.

चारही ताव घेण्याआधी एका तावाचा हातभर तुकडा मागा. चार तास उकळा, रात्रभर वाळवा, असं तीनदा करा. थर सुटले किंवा फुगे आले तर दुकान बदला. तुकडा द्यायलाच नाही म्हणणाऱ्या दुकानदाराबद्दलही तोच निर्णय. मानकातली उकळीची चाचणी ७२ तासांची असते, त्यामुळे चांगल्या मालाला ही घरगुती परीक्षा काहीच नाही. प्लायच्या दुकानांना सरसकट पाचपैकी दोन, परवाना क्रमांक स्वतःहून दाखवणाऱ्यांना चार.

सॉ मिलची चिराई ठीक असते, मापाची भाषा तेवढी समजून घ्या. ओंडक्याचा घेर भागिले चार, त्याचा वर्ग, गुणिले लांबी: ३६ इंच घेराचा १० फुटी ओंडका या हिशेबानं ५.६ घनफूट होतो, खरं आकारमान ७.१च्या वर असतं. हा फरक चिराईतली तूट धरूनच ठेवलेला आहे, तुमचा फायदा नव्हे. कापीव फळीला लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, गुणाकार भागिले १४४. ‘एक इंची’ फळी रंध्यानंतर २० मिमीच उरते, म्हणून तयार इंच हवा असेल तर कारागिराला सव्वा इंच आणि वर एक सूत (इंचाचा आठवा भाग) असं स्पष्ट सांगा. सागाच्या बिलावर वाहतूक परवान्याचा क्रमांक लिहून घ्या, आणि ओंडका असेल तर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा चिराईआधी मोबाइलवर टिपून ठेवा, कारण पहिल्याच कापात तो भुशात जातो.