सरकारी डायलिसिस सेंटरचा दीड वर्षाचा अनुभव, लांबून येणाऱ्यांनी वाचा

बाबाले दीड वर्षापासून आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसले नेतो म्हणून लिहून रायलो. आधी चांगलं सांगतो. महात्मा फुले योजनेत बसलो, एक रुपया लागत नाही. मशीन, बेड सगळं साफ. सिस्टर फिस्टुलात (डायलिसिससाठी हातात ऑपरेशन करून जोडलेली नस) सुई टोचताना बाबासोबत कापसाच्या भावावर बोलत रायते, टोचलेलं त्याहिले कळत बी नाही. आमची एसटी साडेनऊले पोचते हे पाहून एका सिस्टरनं आपणहून आमची सकाळची पाळी बदलून 11 ची करून दिली. मी कधी विसरणार नाही.

आता त्रास. डायलिसिस 4 तासाचं, पण आमचे 13 तास जाते. पहाटे उठा, फाट्यापर्यंत मोटरसायकल, मग दोन तास एसटी, अन येताना बीपी उतरलेलं, चक्कर येते, कधी कधी गाडीत बसायले जागा नाही. माझ्या मावसभावाचे सासरे नागपूरले रायते, त्याहिले बी डायलिसिस आहे, पण ते ऑटोनं 10 मिनिटात जाते अन दुपारी जेवायले घरी.

मागच्या जुलैत रपट्यावरून पाणी होतं, एक पाळी चुकली. दोन दिवसात पाय सुजले, रात्री आडवं होता येईना, भिंतीले टेकून दम टाकत बसले बाबा. लघवीच होत नाही तर पाणी अंगात साचते, फुफ्फुसात जाते. रात्री गाडी केली, 3000 रुपये. अन उन्हाळ्यात 45 डिग्रीत सगळं गाव माठाजवळ अन बाबा गिलासानं मोजून पाणी पिते, मले तर त्याइच्या समोर पाणी प्यावंसं वाटत नाही.

2016 पासून केंद्राची फुकट डायलिसिसची योजना आली, जिल्ह्याले सोय झाली. आता तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दोन मशीन तरी द्या. एका पाळीले सव्वाशेक लिटर आरओचं पाणी लागते, जनरेटर लागते, समजते मले, पण एकाच एसटीत आमच्या तालुक्याचे 6 पेशंट रायते, त्याहिच्या सोबत 6 माणसं आपली मजुरी बुडवून.

सेंटरले 5 स्टार, त्यात काही कमी नाही.

नवीन लोकांसाठी : डायलिसिसच्या पेशंटले साध्या एसटीत तिकीट माफ आहे, दवाखान्यातून सर्टिफिकेट घ्या. आमाले 5 महिन्यानं कळलं. सोबतच्या माणसाले तिकीट लागते.