फॉर्म चांगला आहे, काउंटर सुधारा

मंगळवार पेठेत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. चौदा वर्षं झाली. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, पॅन, आयटीआयचे अर्ज, स्कॉलरशिप, पासपोर्ट साइज फोटो, लॅमिनेशन. कोल्हापुरात ज्याला त्याला मिसळीतलं कळतं, मला फॉर्ममधलं कळतं. कुठल्या साइटवर सबमिट दाबल्यावर सगळं पुसून जातं, कुठं फोटो केबीत बसत नाही म्हणून माणूस तीन खेपा घालतो, हे मला तोंडपाठ आहे. म्हणून हा अभिप्राय. या वेळी फॉर्म दाखल्याचा नाही. मुलांवर ऑनलाइन होणाऱ्या गुन्ह्यांची तक्रार करायचा आहे, आणि तो मी भरलाय.

गेल्या पावसाळ्यात राजाराम बंधारा पाण्याखाली गेला त्या आठवड्यातली गोष्ट. रात्रीचे साडेआठ, शटर अर्धं ओढलेलं, लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालू. ओळखीतलं एक लेकरू वाकून आत आलं. मुलगा का मुलगी ते सांगणार नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणारा कायदा, त्याचं कलम 23 अशा मुलांची ओळख उघड करू देत नाही. मराठीतलं नपुंसकलिंग इथं कामी येईल असं शाळेत व्याकरण घोकताना वाटलं नव्हतं. बाकीही एकदोन तपशील मी बदललेत.

"काकू, एक प्रिंट काढायचीय. पण तुम्ही स्क्रीनकडं बघायचं नाही."

चौदा वर्षांत असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. मी खुर्ची पुढं ओढली, पाणी दिलं. हळूहळू बाहेर आलं ते असं. मोबाइलवरच्या गेममध्ये एकाशी ओळख झाली. तो म्हणे समवयस्क. दोन महिने रोज गप्पा. मग त्यानं लग्नातला एक साधा फोटो मागून घेतला आणि त्यावरून घाणेरडा फोटो बनवून परत पाठवला. पाच हजार दे, नाहीतर वर्गाच्या ग्रुपवर टाकतो. आईच्या फोनवरून दोन हजार गेलेही होते. उरलेल्या तिनाची मुदत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. त्या गप्पांची प्रिंट घेऊन पोलिसांकडं जायचं, एवढंच लेकरानं ठरवलं होतं. तेवढं सुचलं हेसुद्धा लय झालं.

"तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू?"

"नको. तो फोटो तुझ्या फोनमधून बाहेर काढायचा नाही. मला नाही, मित्राला नाही, कुणालाच नाही."

हे मी शहाणपणानं बोलले असं नाही, घाबरून बोलले. माझ्या दुकानातला कॉम्प्युटर म्हणजे चावडी आहे. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये आख्ख्या पेठेची आधार कार्डं पडलेली असतात. शिवाय असा फोटो पुढं पाठवणं, साठवणं हा गुन्हा आहे, मदत म्हणून केलं तरी आपण अडचणीत येतो. सर्वोच्च न्यायालयानं 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात याबद्दल अगदी कडक शब्दांत सांगितलंय, आणि त्याच निकालात 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दच वापरू नका असंही म्हटलंय, कारण त्यात लेकराचा छळ झाकला जातो. दुसरी गोष्ट लेकराला मी तोंडावर सांगितली: "बाळा, हे मला पोलिसांना कळवावंच लागेल." पॉक्सोचं कलम 19 सगळ्यांनाच लागू आहे, आणि कलम 20 मध्ये फोटो काढणाऱ्यांचा वेगळा उल्लेख आहे. पासपोर्ट फोटोचा निळा पडदा माझ्याही भिंतीवर आहे.

आता एकेका सेवेबद्दल.

पैसे गेलेले असल्यामुळं आधी 1930. हा आर्थिक फसवणुकीचा नंबर. रक्कम, वेळ, बँकेचं नाव आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक तयार ठेवून फोन करा. तो क्रमांक शोधण्यातच लोकांची दहा मिनिटं जातात आणि तोवर पैसा पुढच्या खात्यात उडी मारतो. इथं फोन आईचा लागणार होता, म्हणजे आईला सांगणं आलं. लेकरू तिथंच अडलं. "तुम्ही सांगा काकू, मी घरी जात नाही."

मग 1098. चाइल्डलाइन. 1996 साली मुंबईत सुरू झालेली, आता सरकार चालवतं, फोन फुकट, चोवीस तास. पलीकडची बाई मराठीत बोलत होती. मी झेरॉक्सच्या मशिनमागं स्टूल टाकून दिलं आणि स्वतः शटरबाहेर पावसात छत्री धरून उभी राहिले. वीसेक मिनिटांनी लेकरू बाहेर आलं. डोळे सुजलेले, पण म्हणालं, "आईला बोलवा." त्या बाईनं काय सांगितलं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. पाच स्टार. यात मला काही कमी दिसलं नाही.

लेकराची आई, म्हणजे आमच्या वहिनी, आल्या, आधी एक धपाटा घातला, मग मिठी मारली, मग 1930 लावला. दोनातले अकराशे रुपये पुढच्या खात्यात अडवल्याचं नंतर कळलं.

तोवर लाइट आली आणि मी पोर्टल उघडलं: सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. हे राष्ट्रीय पोर्टल आत्ताच्या रूपात 30 ऑगस्ट 2019 पासून आहे. महिला आणि बालकांवरच्या गुन्ह्यांचा विभाग वेगळा काढलाय, आणि त्याला दोन दारं आहेत. एका दारातून नाव न सांगता तक्रार करता येते, दुसऱ्या दारातून मोबाइलवर ओटीपी घेऊन. निनावी तक्रारीचा पुढं माग काढता येत नाही. रस्त्यानं जाताना कुठला घाण ग्रुप दिसला, तर निनावी दार उत्तम. आपल्या घरचं लेकरू असेल तर ओटीपीचं दार धरा, पोचपावतीचा क्रमांक मिळतो. फॉर्म भरणारी म्हणून सांगते, अर्ज कुठवर गेला हे ज्याच्यात बघता येत नाही त्या अर्जाच्या मागं माणूस वेडा होतो.

भरताना तीन गोष्टी सांभाळा. समोरच्याचं खातं रागानं ब्लॉक करायच्या आधी त्याचं युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक जशीच्या तशी उतरवून घ्या. दिसणारं नाव तो रोज बदलतो, लिंकवरून माग लागतो. गप्पांचे स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असे घ्या. आणि वर्णन आधी वहीत लिहा, मग टाइप करा. आमच्याकडं लोक तक्रार सांगताना गणपतीपासून सुरू करतात. कधी, कुठल्या अ‍ॅपवर, काय मागितलं, किती दिलं, एवढं पुरतं. चार स्टार. एक राखून ठेवलाय, फॉर्म भरणारी कधी पूर्ण मार्क देत नाही म्हणून.

त्या रात्रीचं सगळ्यात नवलाचं काम 'टेक इट डाउन'. अमेरिकेत हरवलेल्या आणि छळ झालेल्या मुलांसाठी 1984 साली निघालेली एक संस्था आहे, नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रेन. तिनं 2023 च्या फेब्रुवारीत ही मोफत सेवा सुरू केली. फोटो अठराच्या आतल्या वयातला असला पाहिजे. नाव, गाव काही विचारत नाहीत. फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो. फोनमध्येच त्याचा एक लांबलचक आकडा तयार होतो, हॅश म्हणतात त्याला, आणि फक्त तो आकडा जातो. माणसाच्या अंगठ्याचा ठसा असतो तसा फोटोचा ठसा. ठशावरून माणूस ओळखता येतो, पण ठशावरून माणसाचं चित्र काढता येत नाही. सहभागी कंपन्या तो ठसा आपल्याकडं ताडून बघतात आणि जुळला की फोटो काढतात. फेसबुक आणि इन्स्टाग्राम पहिल्यापासून त्यात आहेत.

इंग्रजी वाक्यं मी वाचून सांगत होते आणि बोटं लेकराची चालत होती. मी त्या फोनकडं पाठ करून बसले होते. मध्येच आवाज आला, "काकू, फोटो मी डिलीट केलाय." हॅश काढायचा कशाचा मग? शेवटी गॅलरीतल्या कचरापेटीत सापडला, तिथं काही दिवस राहतो तो. म्हणून सांगते, घाबरून पुसायची घाई करू नका.

एक स्टार मात्र कापला. जी कंपनी सहभागी नाही तिथं याचा उपयोग नाही. कुलूपबंद संदेशांमध्ये, म्हणजे कंपनीलाही न दिसणाऱ्या चॅटमध्ये, ठसा ताडणार कोण? आणि फोटो कातरला किंवा वर एखादं चित्र चिकटवलं की ठसा बदलतो, नव्यानं द्यावा लागतो. त्यामुळं त्या त्या अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्यालाही वेगळं लिहा. 2021 च्या आयटी नियमांत असा फोटो, बनावट असला तरी, तक्रारीनंतर 24 तासांत काढायची मुदत होती, 2026 च्या फेब्रुवारीत ती दोन तासांवर आणलीय. चार स्टार.

आता काउंटर. दुसऱ्या दिवशी वहिनी, लेकराचे मामा आणि मी एका ठाण्यात गेलो. कुठलं ते लिहीत नाही. पोचपावती दाखवली. टेबलामागच्या गृहस्थांनी ती वाचलीच नाही. म्हणाले, "खातं भायेरच्या देशातलं दिसतंय. आमच्या हद्दीत बसत न्हाई हे." आणि मग, बाकड्यावर चार माणसं बसलेली असताना, लेकराकडं हात पुढं करून, "बघू, दाखव काय फोटो हाय."

मामा उठलेच. मी त्यांचा शर्ट धरला. माझ्या पिशवीत कायम दोन कागद असतात, त्यात त्या दिवशी एक वाढवला होता: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173. 1 जुलै 2024 पासून लागू. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची, शून्य क्रमांकानं, म्हणजे 'झिरो एफआयआर'. कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "साहेब, याची झेरॉक्स ठेवून जाते." दुसरे एक अधिकारी आतून आले, त्यांनी वाचलं, आत बसवलं, नोंद केली. पहिल्या वीस मिनिटांना एक स्टार, नंतरच्या दीड तासाला साडेतीन.

त्या वीस मिनिटांचा राग अजून गेलेला नाही, कारण त्याच्या मागची साखळी किती लांबची आहे ते मी नंतर वाचलं. जातीच्या दाखल्याची फाइल तलाठी, मंडल अधिकारी, तहसील अशी चढते. इथं ती उतरते. अमेरिकेतल्या कंपनीला असा मजकूर सापडला की कायद्यानं 'टेक इट डाउन' चालवणाऱ्या त्याच संस्थेच्या सायबर टिपलाइनला कळवावं लागतं. ही टिपलाइन 1998 पासून आहे. 2023 साली तिथं 3 कोटी 62 लाखांच्या वर खबरा आल्या. भारताशी संबंधित खबर असली की ती आपल्याकडं येते. त्यासाठी आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं 26 एप्रिल 2019 रोजी या संस्थेशी करार केला. दिल्लीतून राज्याला, राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून ठाण्याला. महाराष्ट्र सायबरनं, म्हणजे राज्याच्या सायबर पोलिसांनी, 2020 साली 'ऑपरेशन ब्लॅकफेस' नावानं गुन्हे दाखल केले ते अशाच खबरांवरून.

2022 च्या सप्टेंबरात सीबीआयनं 'मेघचक्र' नावाखाली देशभर एकाच वेळी छापे घातले. त्याची मूळ खबर न्यूझीलंडच्या पोलिसांची. न्यूझीलंडहून सिंगापूरला इंटरपोलच्या पथकाकडं, तिथून सीबीआयकडं. त्याच वर्षी इंटरपोलच्या फोटो-व्हिडिओंच्या आंतरराष्ट्रीय साठ्याशी भारत जोडला गेला, 68 वा देश म्हणून. भिंतीचा रंग, खिडकी, मागचं प्लगचं बटन कुठल्या देशातलं आहे असल्या खुणांवरून लेकरू कुठं आहे ते तिथं शोधतात. आणि एका देशानं शोधलेलं लेकरू दुसऱ्या देशाचे पोलीस पुन्हा पहिल्यापासून शोधत बसत नाहीत. म्हणजे न्यूझीलंडची खबर समुद्र ओलांडून येते, आणि मिरजकर तिकटीपासून दोन किलोमीटरवर आम्हाला हद्द आडवी येते.

खरं ते सांगितलं पाहिजे. पुढं फोन आला आणि जबाब घ्यायला घरी आले ते नीट आले. एक महिला उपनिरीक्षक आणि एक कॉन्स्टेबल, दोघंही साध्या कपड्यांत. पॉक्सोच्या कलम 24 मध्ये तसंच लिहिलंय: मुलाचा जबाब घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, गणवेश नको, शक्यतो महिला अधिकारी. शेजारच्या आजींना ते एलआयसीचे वाटले. वहिनींनी तोच समज राहू दिला. लेकरानं सगळं सांगितलं, मध्येच क्लासची वेळ झाली म्हणून त्या बाई थांबल्या आणि संध्याकाळी परत आल्या. याला पाच स्टार, आणि काउंटरवरच्या गृहस्थांना त्यांच्याकडं आठवडाभर शिकायला पाठवावं ही विनंती.

वर्गाच्या ग्रुपवर काही आलं नाही. सकाळची मुदत टळली, दुपारी दोन धमक्या आल्या, मग ते खातंच गेलं. तपास चालू आहे, त्याबद्दल लिहीत नाही.

दुकानाच्या काचेवर माझं दरपत्रक चिकटवलेलं आहे. झेरॉक्स, पॅन, लॅमिनेशन. लॅमिनेशनच्या खाली मी एक ओळ वाढवलीय: 'मुलांना ऑनलाइन त्रास, तक्रार भरून मिळेल. 1098, 1930.' परवा एक आजोबा चष्मा वर करून वाचत होते. म्हणाले, "याचं किती घेता?" समोरच्या रकान्यात काही लिहायचं राहिलंच होतं. मी मार्कर काढला आणि तिथं एक आडवी रेघ ओढली.