कॉमन-प्रॉपर नाउनचं वर्कबुक: चांगलंय, फक्त उत्तरं आधी तपासा

माझी मुलगी पाचवीत, सेमी इंग्लिशला. सामान्यनाम विशेषनाम मराठीत झालेलं असल्यामुळे कॉमन नाउन प्रॉपर नाउनची व्याख्या विचारली की घडाघडा म्हणायची, पण वही उघडली की पुणे छोट्या पी ने आणि मँगो मोठ्या एम ने. शेवटी अप्पा बळवंत चौकात जाऊन हे १५० रुपयांचं वर्कबुक आणलं, महिनाभर रोज संध्याकाळी दोन पानं करून घेतली, आता सांगते.

व्याख्या शेवटी दिलीय हे मला फार आवडलं. सुरुवातीला नुसत्या जोड्या, नदी आणि गोदावरी, किल्ला आणि रायगड, महिना आणि जून, आणि मग एक अख्खा उतारा सगळा स्मॉल लेटर्समध्ये, त्यात कुठे कॅपिटल हवं ते मुलांनी शोधायचं. आपल्या मुलांची खरी अडचण इथेच आहे हो, देवनागरीत कॅपिटल-स्मॉल हा प्रकारच नाही, नदी लिहा नाहीतर गोदावरी लिहा, अक्षरं सारखीच, त्यामुळे हाताला ती सवयच नसते. त्यात आपली नावं म्हणजे आशा, किरण, सागर, कविता. मुलीने मला विचारलंच, सागर म्हणजे समुद्र ना, मग तो कॉमन का नाही? मी म्हटलं अर्थ राहू दे, आपल्या शेजारच्या सागरदादाला हाक मारतेयस की समुद्राबद्दल बोलतेयस तेवढं बघ. पटलं तिला.

'माय मदर' मधला एम छोटा पण आईला मदर म्हणून हाक मारली की मोठा, यावर अर्धं पान आहे आणि ते झकास जमलंय. नद्या आणि डोंगररांगांच्या नावाआधी द लागतं, पुण्याआधी नाही, हे मात्र एका ओळीत उरकलंय, तिथे सराव हवा होता.

सगळ्यात भारी थर्मासची चौकट. मुळात ते एका कंपनीचं नाव, पण लोक कुठल्याही तसल्या बाटलीला थर्मासच म्हणायला लागले, प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं आणि १९६३ मध्ये निकाल लागला की हा आता सर्वसाधारण शब्द झालाय, विरोधातल्या कंपनीनेही वापरावा पण छोट्या टी ने, मोठा टी मूळ कंपनीचाच! एका अक्षरावरून कोर्ट! पोरीने लगेच झेरॉक्स आणि डालडा शोधून काढले, मला इतकं बरं वाटलं.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. उत्तरांच्या पानावर मंडे, जूनच्या रांगेत समर आणि विंटरसुद्धा कॅपिटलने छापलेत. चूक आहे हे. इंग्लिशमध्ये वार आणि महिने कॅपिटल, ऋतू स्मॉलच. मुलीने बरोबर लिहिलं होतं, उत्तर बघून तिने स्वतःचं बरोबर उत्तर इतकं खोडलं की कागद फाटला, मला खूप वाईट वाटलं. मागच्या नंबरवर फोन केला तर पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाले. लहान मुलांच्या पुस्तकात उत्तरं तरी दोनदा वाचून छापा ना.

तरीही घ्या असंच म्हणेन. घरी आणलं की आधी ते समर-विंटर पेनने दुरुस्त करा, मग पोरांच्या हातात द्या.