कोल्हापूर ते दिल्ली विमानानं: आठ महिने, चार फेऱ्या

लेक दिल्लीला, त्यात नात झाली. निजामुद्दीन एक्स्प्रेस आठवड्यातून एकदाच, त्यामुळं विमानाची सवय लावून घ्यावी लागली.

पहिल्या वेळी मोबाइलवर अंतर बघितलं : सरळ रेषेत साधारण १,३५० किलोमीटर. जेटचा वेग ताशी आठशे धरला आणि बायकोला सांगून टाकलं, "दोन तासांत नातीजवळ." अजून ऐकून घेतोय.

उजळाईवाडीवरून, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या विमानतळावरून, थेट विमान मिळालं नाही, हैदराबादला बदलावं लागलं. हैदराबाद पूर्वेला साडेचारशे, तिथून दिल्ली साडेबाराशे. हे साडेतीनशे किलोमीटर जास्तीचे, पण जेटला तो अर्धा तासही नाही. वेळ खाल्ला तो थांब्यानं. एकदा अडीच तास, एकदा चक्क पाच.

आपल्याकडचं विमान एटीआर, पंख्याचं, वेग पाचशेच्या आसपास. शिवाय तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून पलीकडं जागेवर थांबेपर्यंतची असते, म्हणून एवढ्याशा अंतराला सव्वा तास दिसतो. त्याचं दुःख नाही. पंख खिडकीच्या वर असल्यानं खालचा ऊस, पंचगंगेची वळणं सगळं मोकळं दिसतं. वरचा कप्पा मात्र अरुंद. चटणीचा डबा मांडीवर घेऊन बसलो.

तिसऱ्या फेरीला शहाणपणा नडला. बाराशे रुपये वाचतात म्हणून दोन कंपन्यांची वेगळी तिकिटं काढली. पहिलं विमान दीड तास उशिरा, दुसरं निघून गेलेलं. काउंटरवरचा म्हणाला, "काका, ते तिकीट आमचं नाही." नवीन तिकीट काढलं आणि रात्र खुर्चीत काढली. तेव्हापासून एकच पीएनआर, म्हणजे दोन्ही विमानांचं मिळून एकच बुकिंग. पहिल्याच्या उशिरानं पुढचं विमान चुकलं तर पुढची सोय त्यांच्या गळ्यात, आणि सामानही थेट दिल्लीला निघतं.

चौथ्यांदा जावयानं बेळगाव सुचवलं. तिथल्या सांबरा विमानतळावरून दिल्लीचं थेट विमान २०२३ च्या ऑक्टोबरात सुरू झालंय. मला पटेना. उत्तरेला जायचं आणि आधी दक्षिणेला कागल, निपाणी, तवंदी घाट करत शंभरावर किलोमीटर? हवेतलं अंतरही वाढून १,४३० होतं. तरी घड्याळ लावून बघितलं. गाडीला अडीच तास, विमानतळावर दीड, हवेत पावणेतीनच्या आत, दिल्लीत बॅग घेऊन लेकीच्या दारात आणखी दीड. सव्वाआठ तास. हैदराबादमार्गे माझा सगळ्यात चांगला दिवस साडेनऊचा होता, वाईट बाराचा, ती खुर्चीतली रात्र सोडून.

डिसेंबर-जानेवारीत सकाळचं तिकीट कुठूनही काढू नका, दिल्लीच्या धुक्यात सगळा हिशेब बुडतो. दुपारचं घ्या.

आता दोघं असलो तर बेळगाव, गाडीभाडं परवडतं. एकटा असलो आणि गुडघा दुखत असला तर उजळाईवाडीच. रिक्षा दारात येते.